मॅडमनं वापरलेली गाडी

गेल्या दोन वर्षांत आमच्या दारात अकरा गाड्या उभ्या राहून गेल्या. त्यातली एक माझी होती. बाकीच्या दहाही माझ्याच होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

कुणाला वाटेल बाई मोठी पैसेवाली दिसते. तसं काही नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. जालन्यात आमचं साधं घर आहे, पुढं सिमेंटचं अंगण, लोखंडी गेट, आणि गेटला लागून जास्वंद. जास्वंदीचं मुद्दाम सांगते, कारण पुढं जाहिरातीत तीसुद्धा आली.

आमची स्वतःची गाडी सात सीटर होती, पांढरी, लांबलचक. मागचं सीट पाडलं की कपाटसुद्धा आडवं मावायचं. लग्नकार्याला नातेवाईक भरून न्यायचे, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं, शेतातनं मोसंबीची पोती आणायची, सगळं त्याच गाडीनं बारा वर्षं केलं. दोन वर्षांपूर्वी हे ऑफिसातून निवृत्त झाले, मुलं बाहेरगावी स्थिरावली, आणि एवढी मोठी गाडी कुणासाठी पोसायची म्हणून आम्ही ती विकायला काढली.

तेव्हा यांची अवस्था बघवत नव्हती. निवृत्त माणसाचं काय होतं ते मी पुष्कळ घरांत बघितलंय, पण आपल्या घरात ते बघणं वेगळं. सकाळी पेपर वाचायचा, दुपारी तोच पेपर परत वाचायचा, आणि मी शाळेतून आले की फोडणीला मोहरी जास्त झाली म्हणून बोलायचं. छत्तीस वर्षं ऑफिसात लोक साहेब साहेब करत होते, आणि आता दूधवालासुद्धा मॅडम कुठंयत म्हणून विचारायचा. मला यांची दया यायची. रागही यायचा, पण दया जास्त.

बायपासच्या बाजूला जुन्या गाड्यांचे बाजार आहेत. तिथल्या एका एजंटानं आमच्या गाडीची जी किंमत सांगितली ती ऐकून हे घरी आले ते तोंड पाडूनच. मग यांनी स्वतःच मोबाइलवर जाहिरात टाकली. तिसऱ्या दिवशी तीर्थपुरीहून एक नवरा-बायको आले. शेतकरी माणसं, चांगली बारकाईनं बघणारी. आता ती बॉनेट उघडतील, खाली वाकतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी तसलं काही केलं नाही. बाईनं अंगण बघितलं, माझ्या हातचा चहा घेतला, भिंतीवरची माझी आदर्श शिक्षिका पुरस्काराची तसबीर बघितली आणि विचारलं, "मॅडमच वापरायच्या का गाडी?" मी म्हटलं, हो, शाळेत जायला मीच वापरते कधीमधी. तिनं नवऱ्याकडं बघितलं. एजंटाच्या आकड्याहून कितीतरी वरच्या भावानं गाडी गेली, आणि जाताना त्या बाईनं गाडीला नव्हे, मला नमस्कार केला.

मी हसले आणि विसरले. हे विसरले नाहीत.

त्यानंतर आमच्या घरी सकाळचा चहा आणि जुन्या गाड्यांचा बाजार एकत्रच सुरू झाला. हे मोबाइल समोर धरून मला बाजाराची दिशा समजावून सांगायचे. कंपन्यांनी मोठ्या डिझेल गाड्या कमी केल्या, नव्या गाडीची किंमत आपल्यासारख्याच्या हाताबाहेर गेली, म्हणून जुन्या सात सीटरला भाव चढलाय. मोठ्या शहरांत डिझेल गाडी दहा वर्षांची झाली की लोक घाबरून काढून टाकतात, आणि तीच गाडी आपल्याकडं हौसेनं घेतात. सोयाबीन विकलं की गिऱ्हाईक वाढतं, लग्नसराईच्या तोंडावर अजून वाढतं. पांढरी गाडी लगेच जाते, लाल गाडी दारात सडते. लोकांची कुटुंबं लहान झाली तरी गाडी मोठीच लागते, कारण कुणी ना कुणी संभाजीनगरच्या दवाखान्यात असतंच. हे सगळं हे इतक्या रंगून सांगायचे की मला ऐकायला बरं वाटायचं. इतक्या वर्षांच्या संसारात यांनी मला ऑफिसातलं एवढं कधी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरच्या गाडीचं तर आमच्यात चेष्टेचं होऊन बसलं होतं. बाजारात जी गाडी बघावी ती डॉक्टरनंच वापरलेली. मी म्हणायचे, आपल्या जिल्ह्यात डॉक्टर नाहीत तेवढ्या डॉक्टरच्या गाड्या आहेत. हे म्हणायचे, "म्हणून तर आता कुणाचा इश्वास बसत न्हाई. लोकांना घरची गाडी पाहिजे. दारातली." तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही.

मग एक दिवस आमच्या अंगणात एक करडी सात सीटर उभी. विचारलं तर म्हणाले, बायपासवाल्या एजंटाकडं जागा नाही, चार दिवस आपल्याकडं ठेव म्हणाला, आपलं अंगण रिकामंच आहे. ती गेली, दुसरी आली. हे एजंटाला मदत करतात, गिऱ्हाइकाला गाडी दाखवतात, त्याबद्दल यांना काहीतरी मिळतं, एवढं मला माहीत होतं. त्यात वाईट काय? माणूस घराबाहेर पडायला लागला, दाढी रोज करायला लागला, मोहरीबद्दल बोलेनासा झाला. मी मैत्रिणींना कौतुकानं सांगायचे की आमच्या यांनी निवृत्तीनंतर धंदा काढलाय.

भांडण व्हायचं ते फक्त पाण्यावरून. जालन्यात नळ आठवड्यानं येतो, कधी त्याहून उशिरा, आणि हे भरलेल्या टाकीतलं पाणी बादल्याच्या बादल्या गाडीवर ओतायचे. मी ओरडायचे. हे म्हणायचे, गाडी चकाचक नसली तर तुझ्याच दाराची शोभा जाते. राजूरला गेले की गणपतीच्या छोट्या मूर्ती पाच-सहा एकदम आणायचे आणि प्रत्येक गाडीत पुढं एक चिकटवायचे. मला वाटायचं, वयानं देवभोळे होत चाललेत.

आणि फोटो. हे मी लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं, पण लिहितेच. एका रविवारी हे म्हणाले, "जरा जास्वंदीपाशी उभी राहा. उजेड चांगला पडून राह्यला." लग्नाला तेहतीस वर्षं झाली, यांनी आपणहून माझा एकटीचा फोटो काढल्याचं मला आठवत नाही. समारंभात काढतात तेवढेच. मी पदर सारखा केला आणि उभी राहिले. मागं गाडी होती, पण अंगणात गाडी असणारच की. "थोडी डावीकडं सरक. अजून. बास." असं म्हणत यांनी चार-पाच फोटो काढले. पुढच्या वेळी मी जांभळी इरकल नेसले. त्याच्या पुढच्या वेळी तर मी आदल्या दिवशी केसांना रंग लावला होता. पंचावन्न वर्षांच्या बाईनं असं करावं का, असा प्रश्न मला पडला नाही असं नाही. पण नवरा म्हातारपणी आपल्याकडं बघायला लागलाय, या आनंदापुढं मी तो प्रश्न गुंडाळून ठेवला. शाळेत जाताना मी उगाचच गुणगुणायचे.

गेल्या मार्चमध्ये माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. पंचवीस वर्षांपूर्वी मी भोकरदन तालुक्यात धावड्याला होते, तेव्हा ती माझ्या वर्गात चौथीला होती. शांत, अक्षर मोत्यासारखं. आता ती तिकडंच एका शाळेत शिकवते. आईवेगळी पोर, घरी फक्त वडील. त्या वडिलांच्या किडन्या गेलेल्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जालन्याला आणावं लागायचं. म्हातारं माणूस, परत जाताना बसवत नाही, आडवं व्हावं लागतं. एस.टी.त ते शक्य नाही, भाड्याची गाडी दर खेपेला परवडत नाही. म्हणून तिला मागचं सीट पाडून अंथरूण घालता येईल अशी लांब गाडी हवी होती. चालवायला ती स्वतः शिकली होती.

"मॅडम, तुमच्याकडं गाडी हाय असं कळलं, म्हणून आल्ते," ती म्हणाली. अंगणात तेव्हा एक पांढरी सात सीटर उभी होती, आठ वर्षांची, आतून अगदी नवी वाटणारी. यांनी तिला गाडी दाखवली, मागचं सीट पाडून दाखवलं, हे तिच्याशी बरंच बोलले. मी आत पोहे करत होते. मग ती हात धुवायला म्हणून आत आली आणि ओट्याशी उभी राहून तिनं मला विचारलं, "घेऊ ना मॅडम?"

मला गाड्यांतलं काय कळतं? पण ही पोर माझ्या वर्गात होती, आणि ज्यांच्यावर ती भरवसा ठेवायला आली होती ते माझे यजमान होते, आणि त्या क्षणी मला दोघांचाही अभिमान वाटला. मी म्हटलं, "घे गं. आमच्या यांनी पारखलेली गाडी हाय, डोळे झाकून घे."

तिनं गाडी घेतली. दर आठवड्याला ती वडिलांना घेऊन यायची, एक-दोनदा परत जाताना आमच्याकडं पाणी प्यायला थांबली. वडील मागं उशीवर डोकं ठेवून पडलेले असायचे आणि मला हात जोडायचे.

मे महिन्यात एका दुपारी तिचा फोन आला. आवाज अगदी सपाट होता. चतुर्थीचा दिवस, राजूरच्या अलीकडं गर्दीत गाडी हळूहळू चालली होती. अचानक समोरचे सगळे दिवे लागले, गाडी बंद पडली आणि दारं आपोआप लॉक झाली. काचा खाली होईनात. हॉर्न आपलाआपणच वाजायला लागला तो थांबेना. बाहेर ऊन आग ओकत होतं आणि मागं वडील आडवे. तिनं आतून काच ठोकली, रस्त्यावरच्या माणसांनी दगडानं मागची काच फोडली आणि म्हाताऱ्याला त्या काचांतून बाहेर काढलं. डायलिसिसची पाळी हुकली. दुसऱ्या दिवशी सकाळी कसाबसा नंबर लागला, तोवर त्यांच्या छातीत पाणी भरत आलं होतं. ते वाचले.

भोकरदनच्या मेकॅनिकनं गाडी उघडली. खालचा गालिचा उचलला तर खाली वाळलेला गाळ. आतल्या वायरींवर गंज. तो म्हणाला, ही गाडी पुरात बुडालेली आहे, पार सीटच्या वर पाणी होतं.

"मॅडम," ती म्हणाली, "गाडी पाण्यात कवा गेल्ती? तुमच्याकडं असताना का?"

मी म्हटलं, माझ्याकडं कधी होती? ती म्हणाली, एक मिनिट, आणि तिनं मला ती जाहिरात पाठवली. जास्वंदीपाशी जांभळ्या इरकलीत मी हसत उभी होते. डावीकडं सरकलेली, म्हणजे मागचा गाडीचा दिवा आणि चाक स्वच्छ दिसावं. खाली लिहिलं होतं: आदर्श शिक्षिकेने स्वतः वापरलेली, घरची गाडी, फक्त शाळेत जाण्या-येण्यासाठी.

पुरात बुडालेली गाडी जालन्यात कोण ओळखणार? आमच्याकडं लोक टायर बघतात, धूर बघतात, ठोकलेली आहे का ते पत्र्यावर हात फिरवून बघतात. पाण्याचा संशय आम्हाला येतच नाही, कारण आम्हाला नळालाच पाणी दिसत नाही. नदीकाठच्या मोठ्या शहरांत बुडालेल्या गाड्या लिलावात स्वस्तात जातात, पुसून-पासून, नवी कव्हरं घालून आमच्याकडं येतात. हे नंतर मला यांनीच सांगितलं. यांना ते सगळं आधीपासून माहीत होतं.

हे संध्याकाळी घरी आले तेव्हा मी मोबाइल यांच्यापुढं धरला. वाटलं होतं, हे गडबडतील, काहीतरी सारवासारव करतील. हे चष्मा लावून नीट बघत म्हणाले, "हा फोटो चांगला आल्ता."

मी विचारलं, गाडी बुडालेली होती हे माहीत होतं का? होतं. थोडं पाणी लागल्तं, सगळं साफ केल्तं, एजंटानं सांगितल्तं की काही होत न्हाई. कागदावर दुसऱ्याचं नाव होतं, तिला ते दिसलं नाही का? तिला सांगितलं की गाडी आपल्या भाच्याच्या नावावर आहे, वापरली मॅडमनीच. असं किती गाड्यांबाबत केलं? सगळ्यांच्याच. मी म्हटलं, माझ्या नावानं? तेव्हा यांचा आवाज चढला.

"खोटं काय हाय त्याच्यात? तू शिक्षिका न्हाईस का? गाडी आपल्या दारात नव्हती का? आजकाल लोक गाडी बघून घेत न्हाईत, मालक बघून घेतात. बाजारच तसा झाला. अन् तुझं काय गेलं त्याच्यात?"

मी आत जाऊन यांचा मोबाइल घेतला आणि सगळे फोटो बघितले. वीस-पंचवीस निघाले. एकही फोटो असा नव्हता की ज्यात गाडी नाही आणि मी आहे. गाडी आहे आणि मी नाही, असे मात्र पुष्कळ होते. केसांना रंग लावलेल्या दिवशीच्या फोटोत माझा अर्धा चेहराच कापला गेला होता, कारण गाडीचा नंबर झाकायचा राहिला होता म्हणून यांनी तो भाग कापून टाकला होता. मला रडू आलं नाही. मला स्वतःचीच इतकी लाज वाटली की मी ती इरकल कपाटातून काढून कामवाल्या बाईला देऊन टाकली. ती बिचारी खूश झाली.

माझी पहिली अट होती की गाडी परत घ्यायची आणि तिला सगळे पैसे द्यायचे. आठवडाभर मी यांच्याशी दुसरं काही बोलले नाही. यांनी शेवटी ते केलं, एजंटाला शिव्या देत आणि मला ऐकवत. पण तेवढ्यानं माझं भागत नव्हतं. मला तिला भेटून सांगायचं होतं की मला यातलं काही माहीत नव्हतं.

मी एस.टी.नं धावड्याला गेले. घर मला आठवत होतं. वडील पलंगावर पडलेले, हातावर सुयांच्या जागी सूज. त्यांनी नेहमीसारखे हात जोडले. मी स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं. नवऱ्यानं माझ्या नकळत केलं, मी त्या गाडीत एकदाही बसले नव्हते, फोटो कशासाठी काढतात हेसुद्धा मला माहीत नव्हतं. आपल्या नवऱ्याला एका परक्या घरात बसून लबाड म्हणायला जीभ जड होते, पण मी म्हटलं. ती ऐकत होती. मधे एकदाही तिनं मला अडवलं नाही. चौथीत असतानाही ती अशीच ऐकायची.

मग ती उठली, फडताळातून एक पुठ्ठ्याचा डबा आणला आणि माझ्यापुढं ठेवला. खडूंचा डबा. वर माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, तिसरी ब.

"हा गाडीत होता मॅडम, दाराच्या कप्प्यात. चष्म्याचं घर बी होतं. तुमचं हाय म्हणून मी जपून ठेवल्तं, परत द्यायचं म्हणून."

डबा माझाच होता. माझ्या टेबलाच्या खणातला. मी सांगू लागले की हा त्यांनी ठेवला असेल, लोकांना खरं वाटावं म्हणून, आणि सांगतानाच मला ऐकू येत होतं की हे किती खोटं वाटतंय. कुठला नवरा बायकोचे खडू चोरून परक्याच्या गाडीत ठेवील? वडिलांनी मान भिंतीकडं वळवली.

"असंल मॅडम," ती म्हणाली. "पण मी गाडीसाठी न्हवते आल्ते तुमच्याकडं. बाजारात पन्नास गाड्या हायेत. तुमचा फोटो दिसला म्हणून आल्ते. अन् मंग तुमालाच विचारलं."

तिनं चहा केला. बशीत बिस्किटं ठेवली, पाहुण्यांना ठेवतात तशी. पूर्वी, मी धावड्याला होते तेव्हा, ती मला स्वयंपाकघरात बोलवायची. मी चहा प्याले आणि निघाले. तिनं मला स्टँडपर्यंत सोडलं, बस येईपर्यंत थांबली. तिला माझं खरं वाटलं की नाही हे मला आजही माहीत नाही. पण तिनं मला ओट्याशी विचारलं होतं आणि उत्तर मी दिलं होतं, यांनी नाही. तिला दिलेला भरवसा माझ्याकडून कुणी चोरून नेला नव्हता. मीच हातानं उचलून दिला होता, न बघता. गाडीची काच फोडून म्हाताऱ्याला बाहेर ओढावं लागलं, त्यात माझाही हात होता, हे बसमध्ये सगळी वाट मला छळत राहिलं. यांच्यावरचा राग त्यानं कमी झाला नाही. उलट वाढला, कारण यांनी मला निर्दोषसुद्धा राहू दिलं नव्हतं.

मला वाटलं होतं, एवढं झाल्यावर हे थांबतील. पंधरा दिवस अंगण रिकामं होतं. सोळाव्या दिवशी शाळेतून आले तर एक चंदेरी सात सीटर उभी. समोर कुंकवाचं स्वस्तिक, आत गणपती. मी दार उघडून दाराच्या कप्प्यात हात घातला. माझी जुनी छत्री होती. ती मी काढून घेतली.

रविवारी सकाळी गिऱ्हाईक आलं. नवरा-बायको आणि त्यांची म्हातारी आई. हे गाडीभोवती फिरत त्यांना माहिती देत होते, आणि नेहमीसारखं आत बघून म्हणाले, चहा टाक गं. मी चहा टाकला. पाच कप ट्रेमध्ये ठेवले आणि बाहेर आले. म्हातारीनं माझ्याकडं बघून हसून विचारलं, "तुमचीच का बाई गाडी? मास्तरीण हाव म्हणं तुमी."

मी ट्रे गाडीच्या बॉनेटवर ठेवला.

"मी मास्तरीण हाय. पण गाडी माझी न्हाई," मी म्हटलं. "ही कुठून आली मला माहीत न्हाई. मी हिच्यात कधी बसलेली न्हाई. घ्यायची असंल तर मेकॅनिक घेऊन या आणि खालचा गालिचा उचलून बघा. माझ्याकडं बघून घेऊ नका."

मग त्या नवऱ्यानं यांच्याकडं बघितलं, आणि यांनी जास्वंदीकडं. सुनेनं म्हातारीचा हात धरला. चहा कुणी घेतला नाही. गेट उघडंच टाकून ते निघून गेले.

मला वाटलं, आता हे भडकतील. मी तयार होते. मनातल्या मनात महिनाभर बरंच काही तयार करून ठेवलं होतं, शाळेतल्या भाषणासारखं पाठ. पण हे पायरीवर बसले. चेहरा पांढराफटक पडला होता. यांना असं मी सासूबाई गेल्या तेव्हा बघितलं होतं, त्यानंतर नाही. मला वाटलं, आता तरी यांना उमगलं.

"चार लोकांत तू मला तोंडघशी पाडलं," हे म्हणाले. "बाहेरच्यानं केलं असतं तर मला काई वाटलं नसतं. घरातल्या माणसानंच असं केल्यावर भरवसा कुणावर ठेवायचा?"

हे नाटक करत नव्हते. डोळे भरले होते, हे मनापासून दुखावले होते. आणि मी तिथं उभी राहून यांच्याकडं बघत राहिले, कारण महिनाभर मी जे यांना म्हणायचं म्हणून मनात घोळवत होते, शब्दन् शब्द, ते हेच होतं. तेही यांनीच म्हणून टाकलं.